बंगल्याचं वायरिंग मी करायचं आणि टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची: परवान्यांबद्दल मार्गदर्शन हवं

फेज_न्यूट्रल
नमस्कार मंडळी. मी नाशिक तालुक्यातला. आयटीआयला वीजतंत्री केलं, मग एका कारखान्यात अप्रेंटिसशिप केली, आणि आता एका ठेकेदाराकडे कामाला आहे. झिरी मारणं, पाइप टाकणं, वायर ओढणं, बोर्ड भरणं, डीबी (वीज वाटपाची मुख्य पेटी) जोडणं, सगळं हाताखालून गेलंय. राज्याच्या परवाना मंडळाचा वायरमन परवानाही हातात आलाय.

आता ओळखीतून एका बंगल्याचं काम आलंय. तळमजला आणि वर एक मजला, थ्री फेज मीटर, मागे बोअरची मोटर. मालक म्हणतात, तूच कर. मलाही स्वतःचं पहिलं काम म्हणून ते मनापासून हवंय. अडचण एकच आहे. कनेक्शनच्या अर्जाबरोबर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा सहीचा अहवाल) लागतो आणि ठेकेदाराचा परवाना माझ्याकडे नाही. एक जण म्हणाला, "तू काम उरकून घे, सही-शिक्का मी आणून देतो, थोडे पैसे लागतील." म्हणजे ज्याची सही असेल तो माणूस बंगला बघायलासुद्धा येणार नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वायरमन परवान्यावर मी असं काम स्वतःच्या नावानं घेऊ शकतो का? नसेल तर ठेकेदाराच्या परवान्यापर्यंतचा रस्ता कसा आहे? सगळे "चालतंय रे" म्हणतात, पण मला ते पटत नाहीये. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

निवृत्त_पर्यवेक्षक
तुला पटत नाहीये ते बरोबर आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

वायरमन परवाना म्हणजे स्वतःचा धंदा करायचा परवाना नव्हे. आपल्याकडे ही गोष्ट शंभरातल्या नव्वद पोरांना कोणी सांगतच नाही. आमच्या पिढीला "नियम 45" तोंडपाठ असायचा. तो 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला. ते नियम गेले, 2003 चा विद्युत कायदा आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षाविषयक विनियमावली 2010 मध्ये आली आणि आता 2023 ची लागू आहे. नावं बदलली, पण मूळ अट तशीच राहिली: वीजमांडणीचं काम, मग ते नवं असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानं घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली करायचं, आणि हात लावणारा माणूस परवानाधारक असायचा. तिन्ही एकाच वेळी हवेत. तू यातला तिसरा.

यातून सूट आहे ती अगदी लहान कामांना. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, 250 व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण बदलणं, आणि तेही मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे खराब झालेला स्विच बदललास तर ठीक. त्याच बोर्डातून लूप घेऊन गीझरचा पॉइंट काढलास की तू या सवलतीच्या बाहेर गेलास. बंगल्याचं अख्खं वायरिंग तर लांबच.

आता रस्ता. डिप्लोमा किंवा डिग्री इलेक्ट्रिकल झालेल्याला पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र शिक्षण आणि अनुभवावर मिळतं. तुझ्यासारख्या वायरमननं पुढचा अनुभव जमवायचा आणि मंडळाची पर्यवेक्षक परीक्षा द्यायची. ठेकेदाराच्या परवान्यासाठी एक तर तू स्वतः पर्यवेक्षक हवास, नाही तर पर्यवेक्षक नोकरीला ठेवायला हवा. शिवाय पटावर वायरमन, धंद्याची जागा, आणि मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर अशी मोजमापाची स्वतःची उपकरणं. परवाना मंडळाचा कारभार मुख्य विद्युत निरीक्षकांच्या चेंबूरच्या कार्यालयातून चालतो. अर्ज भरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरची पात्रतेची पानं स्वतः वाच. एजंटाच्या तोंडून ऐकू नकोस. अटी आणि शुल्क बदलत असतात, आणि एजंट नेहमी जुनं किंवा फुगवलेलं सांगतो.

आणि या बंगल्याचं काय करायचं? तू ज्या ठेकेदाराकडे आहेस त्यालाच काम घ्यायला सांग. काम त्याच्या नावावर, पर्यवेक्षक त्याचा, वायरमन म्हणून तू. मालकाला तूच हवा आहेस ना, मग तूच कर. पैशात तुझा वाटा आधी बोलून घे. त्यानं तुझा अनुभवही कागदावर चढेल.

गोदाकाठ
काकांना पूर्ण अनुमोदन. मीही नाशिकचाच. पर्यवेक्षकाला गिलाव्याच्या आधी एकदा साइटवर आणच. भिंत बुजली की पाइपात काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

जुना_मिस्त्री
माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. राग मानू नका.

मी सोळाव्या वर्षापासून या कामात आहे. आठवीनंतर शाळा सुटली. चाळीतल्या उघड्या केसिंग-केपिंगपासून आजच्या मॉड्युलर बोर्डापर्यंत सगळं केलं. माझ्या हातचं वायरिंग वीस-वीस वर्षं विनातक्रार चालू आहे. माझ्याकडे कागद नाही. कागद का नाही? कारण अनुभवाचा दाखला ठेकेदारानं द्यायचा, आणि ज्या ठेकेदारांकडे उमेदीची वर्षं घातली त्यांनी तो दिला नाही. माणूस परवानाधारक झाला की मजुरी वाढवून मागेल नाही तर सोडून जाईल, हे त्यांना कळतं. रोख पगार, हजेरी कुठल्या तरी वहीत, नाव कुठंच नाही. मग सही विकत घेण्यावाचून पोटाला दुसरा मार्ग काय?

तुम्ही नियम सांगता तो बरोबर असेल. पण नियम पाळायचा दरवाजा ज्याच्या हातात, तोच दरवाजा बंद करून बसलाय, याचंही कोणी बोला.

निवृत्त_पर्यवेक्षक
मिस्त्री, राग कसला, तुमचं म्हणणं खरंच आहे. मी नोकरीत असताना ही अडवणूक पुष्कळ पाहिली आहे. उत्तम हाताची माणसं दाखल्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळत राहिली. हा अन्याय आहे आणि तो परवाना नसलेल्यावरच होतो.

पण विकतच्या सहीनं तो अन्याय कमी होत नाही, उलट पक्का होतो. सही विकणाऱ्याला साइटवर न जाता पैसे मिळतात. तुम्हाला मजुरी मिळते, नाव मिळत नाही. त्याच्या नोंदीत तुमच्या कामाचा अनुभव त्याचा म्हणून चढतो. दहा वर्षं असं केलंत तरी अकराव्या वर्षी तुम्ही कागदावर तिथंच असता.

अनुभवासाठी आजपासून काय करता येईल ते सांगतो, कारण हे फेज_न्यूट्रललाही उपयोगी आहे. पगार रोख घेऊ नका, बँकेत घ्या, रक्कम लहान असली तरी. कामावर ठेवल्याचं पत्र मागा. पीएफ किंवा ईएसआय लागू असेल तर तो नंबर जपा. आणि स्वतःची कामाची वही ठेवा: तारीख, साइट, किती पॉइंट, काय काम, पर्यवेक्षक कोण. वहीनं दाखला मिळत नाही, पण दाखला मागताना "हा माझ्याकडे नव्हताच" असं कोणाला म्हणता येत नाही. आयटीआय न केलेल्यांनाही परवानाधारक ठेकेदाराकडचा अनुभव दाखवून तारतंत्री (वायरमन) परीक्षेला बसता येतं. त्या परीक्षेची भीती बाळगू नका. तुमच्यासारख्यांना प्रात्यक्षिकात कोणी हात धरणार नाही. लेखीची तयारी करून घेणारे लोक इथं आहेत.

मृण्मयी_पिंपरी
मी विजेच्या क्षेत्रातली नाही, घराची मालक म्हणून लिहिते. सही कोणाची हा प्रश्न तुम्हा लोकांना धंद्याचा वाटत असेल. आमच्याकडे तो जिवाचा झाला होता.

नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलो आणि वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आधी वाटलं मशीन खराब. कंपनीचा माणूस आला, म्हणाला, मशीन ठीक आहे, तुमच्या घराला अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी) नाही. बिल्डरकडे कागद मागितले तर टेस्ट रिपोर्टवर अर्थिंग योग्य असल्याची नोंद, सही आणि शिक्का. शेवटी आम्ही स्वतंत्र परवानाधारक माणूस आणला. त्यानं मीटर रूमपासून तपासत आणलं. अर्थची हिरवी वायर आमच्या मजल्याच्या डक्टपर्यंत आली होती आणि तिथं टोक तसंच मोकळं सोडलेलं होतं. घरातल्या प्रत्येक सॉकेटला अर्थची वायर होती, पण पुढं ती कशालाच जोडलेली नव्हती. माझी मुलगी तेव्हा रांगत होती.

त्या रिपोर्टवर सही करणारा आमच्या मजल्यावर एकदा आला असता तरी हे त्याला दहा मिनिटांत कळलं असतं. फेज_न्यूट्रल, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचं मला खरंच बरं वाटलं.

शिल्पनिदेशक_ताई
मृण्मयीताई, तुमचा अनुभव मी वर्गात सांगणार आहे, चालेल ना? मी एका आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे, वीजतंत्रीच्या मुलामुलींना शिकवते. या धाग्यातला "अर्थिंग" हा शब्द धरून थोडं हिशेबानं लिहिते, कारण परीक्षेतही हेच विचारतात आणि साइटवरही हेच राहून जातं.

समजा, बंगल्याच्या अर्थचा रोध 20 ओहम आहे. आपल्या भागात मुरूम आणि खाली काळा पाषाण, त्यामुळे असा आकडा सहज येतो. मशीनच्या बॉडीला फेज लागला. 230 भागिले 20 म्हणजे साडेअकरा अँपिअर. सर्किटला 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडून पुरवठा तोडणारा स्विच) आहे. तो पडणारच नाही! बॉडीवर वीज तशीच उभी राहील आणि लोक म्हणतील, अर्थिंग तर केलं होतं. आता त्याच सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. अर्थचा रोध 20 सोडा, 100 ओहम असला तरी 30 मिलिअँपिअरला बॉडीवर फक्त 3 व्होल्ट येतात, आणि तेवढ्या गळतीवर आरसीसीबी तुटतो. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवेत. मोकळ्या टोकाच्या घरात आरसीसीबी असेल तर तो माणसाच्या अंगातून वीज वाहिल्यावरच तुटेल. जीव वाचेलही, पण धक्का बसल्यावर.

आणखी एक गैरसमज: आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं, तो पडला, म्हणजे अर्थिंग चांगलं. साफ चुकीचं. ते बटण फक्त आरसीसीबीची आतली यंत्रणा तपासतं. अर्थची वायर मुळात नसली तरी बटणावर तो पडतो.

टेस्ट रिपोर्टचं प्रत्येक कलम म्हणजे साइटवर घ्यायचं एक रीडिंग आहे. 500 व्होल्टचा मेगर लावून एक मिनिट इन्सुलेशन बघायचं, किमान 1 मेगओहम. सर्व स्विच फेजमध्येच आहेत ना, ही पोलॅरिटी. अर्थची सलगता प्रत्येक सॉकेटपर्यंत. मग जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडचा रोध. ही रीडिंग घेतल्याशिवाय रिपोर्ट भरणारा माणूस आकडे मनानं लिहितो, दुसरं काय?

जुना_मिस्त्री
ताई, हे 230 भागिले 20 मला आजपर्यंत कोणी असं सांगितलं नव्हतं. मी मीठ-कोळसा टाकून खड्डा करायचो, बल्ब लावून बघायचो, पेटला की अर्थिंग झालं. लेखीच्या तयारीला काय वाचायचं तेवढं लिहा. भाषा मराठी चालते का?

शिल्पनिदेशक_ताई
मराठीत देता येते, काळजी करू नका. बल्ब पेटला म्हणजे थोडा करंट गेला एवढंच कळतं. 60 वॅटच्या बल्बला पाव अँपिअरच लागतो, तेवढा खराब अर्थसुद्धा देतो.

मी जे पुन्हा पुन्हा घोटून घेते ते सांगते. तारतंत्रीच्या लेखीत आणि तोंडीत अंक विचारतात. दिव्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त 10 पॉइंट किंवा 800 वॅट. पॉवरच्या सर्किटवर दोन सॉकेट. इन्सुलेशनचा जुना नियम, 50 भागिले पॉइंटची संख्या, उत्तर मेगओहममध्ये, पण 1 मेगओहमपेक्षा जास्तीची सक्ती नाही. पाइप अर्थिंगला जीआय पाइपचा आतला व्यास 38 मिलिमीटरपेक्षा कमी नको, लांबी अडीच मीटर. प्लेट अर्थिंगला 60 सेंटिमीटर चौरस प्लेट, तांब्याची असेल तर 3.15 मिलिमीटर जाड, जीआय असेल तर 6.3 मिलिमीटर, आणि तिची वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. थ्री फेजचे रंग लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. अर्थिंगचं मानक आयएस 3043, घरातल्या वायरिंगचं आयएस 732. हे दोन क्रमांक तोंडीत हमखास विचारतात.

पण नुसते आकडे पाठ करून जाणाऱ्याला परीक्षक दुसऱ्याच प्रश्नात धरतात: "न्यूट्रलमध्ये फ्यूज का टाकायचा नाही?" मिस्त्री, याचं उत्तर तुम्हाला येतं. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा बंद होतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो, आणि माणूस बंद समजून हात घालतो. तुमच्यासारख्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तेच आपल्या शब्दांत सांगा. मोटरचं स्टार्टर आणि विजेचा धक्का बसलेल्याला सोडवण्याची पद्धत हेही नीट करून जा. आधी पुरवठा तोडायचा, माणसाला उघड्या हातानं ओढायचं नाही, श्वास बंद असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास. यात चुकलेल्याला मी परीक्षक असते तर परवाना दिलाच नसता.

जाता जाता: हल्ली थोड्या दिवसांच्या कौशल्य प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊन मुलं येतात आणि तोच परवाना समजतात. ते प्रमाणपत्र शिकल्याचा पुरावा आहे. काम करायचा परवाना राज्याच्या मंडळाचाच लागतो. आणि माझ्या बॅचमधल्या मुलींना काही ठेकेदार "साइटवर कुठं नेणार" म्हणून कामावर घेत नाहीत, म्हणजे त्यांच्याही अनुभवाची तीच कोंडी. महावितरणमध्ये मुली खांबावर चढताहेत आणि इथं डीबी जोडायला नको म्हणतात, याचा मला फार राग येतो.

मंडळ_कार्यकर्ता
आमच्या गणेश मंडळात दर वर्षी हाच वाद होतो. तात्पुरतं कनेक्शन अधिकृत घ्या आणि मंडपाचं वायरिंग परवानाधारकाकडून करून घ्या असं आवाहन महावितरण दर वर्षी करतं. आमच्यातले जुने लोक म्हणायचे, पाच-दहा दिवसांसाठी कशाला. पत्र्याचा मंडप, पावसाचे दिवस, लोखंडी कमानी, आणि खाली लहान मुलं. या धाग्याची लिंक मी कार्यकारिणीच्या गटात टाकली आहे.

सावंतवाडीकर
आमच्याकडची एक गोष्ट. इथले बरेच वायरमन गोव्यात कामाला जातात. पेडणे, म्हापसा, हॉटेलांची कामं. महाराष्ट्राचा परवाना तिथं आपोआप चालतो असं धरून चालू नका. विनियमात शब्द आहेत ते "राज्य सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना" असे. म्हणजे दुसऱ्या राज्यात काम करायचं तर तिथल्या मंडळाची मान्यता हवी. गोव्यात वितरणच सरकारच्या वीज खात्याकडे आहे, त्यामुळे कागद तिथले अधिकारी बघतात. जाण्याआधी विचारून घ्या. ठेकेदार "मी बघतो" म्हणाला तरी परवान्यावर नाव तुमचं असतं.

यारा_काठी
मेलबर्नहून लिहितोय. मीही आयटीआयचाच, सांगली भागातला. इथं यायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण मला दर आठवड्याला कोणी तरी विचारतं.

आपला परवाना इथं चालत नाही. आधी इथल्या केंद्र सरकारच्या ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेतून कौशल्यमापन होतं: कागदपत्रं, तांत्रिक मुलाखत, प्रात्यक्षिक. ते उत्तीर्ण झालं की ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड मिळतो. त्यावर राज्य तात्पुरता परवाना देतं, आणि तुम्ही परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करता. त्या काळात इथल्या पद्धतीचं राहिलेलं प्रशिक्षण पूर्ण करायचं. व्हिक्टोरियात त्यानंतर लेखी, प्रात्यक्षिक आणि सुरक्षित कामाची परीक्षा, मग ए ग्रेडचा पूर्ण परवाना. सगळं एएस/एनझेडएस 3000 या मानकावर. आपल्या माणसाला सर्वांत जास्त गोंधळात टाकतं ते इथलं अर्थिंग. आपल्याकडे ग्राहकानं घरात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडायचे नाहीत हे हाडीमाशी बसलेलं असतं. इथं मुख्य स्विचबोर्डवर ते मुद्दाम जोडतात, सगळी रचनाच तशी आहे.

कागदपत्रांत काय लागतं ते ऐका: पगाराच्या पावत्या, मालकाचं कामाच्या तपशिलाचं पत्र, अप्रेंटिसचं प्रमाणपत्र, कामाचे फोटो. निवृत्त काकांनी वर सांगितलेली वही आणि बँकेतला पगार इथं अक्षरशः उपयोगी पडतात. माझ्याबरोबरचे चांगले कारागीर निव्वळ रोख पगारामुळे अडकलेले पाहिलेत.

आणि मूळ प्रश्नाबद्दल: इथं ए ग्रेड मिळाला तरी मी स्वतःच्या नावानं काम घेऊ शकत नाही. त्यासाठी नोंदणीकृत ठेकेदार व्हावं लागतं, विमा काढावा लागतो. प्रत्येक कामानंतर ग्राहकाला विद्युत सुरक्षेचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि मुख्य बोर्ड किंवा सर्व्हिसच्या कामाला स्वतंत्र निरीक्षक येऊन बघतो. घरमालकालाही आपल्या घरात नवा पॉइंट स्वतः टाकता येत नाही. म्हणजे वायरमन वेगळा, ठेकेदार वेगळा, ही रचना केवळ आपल्या सरकारी कारभाराची खोड आहे असं समजू नका.

गोदाकाठ
पण तिथं निरीक्षक येतो आणि इथं येत नाही, हा फरक उरतोच. एका कार्यालयात माझा नूतनीकरणाचा अर्ज महिनोन्‌महिने पडून होता. प्रामाणिक माणूस थांबतो आणि सही विकणारा कमावतो. यावर उपाय काय?

निवृत्त_पर्यवेक्षक
अर्ज ऑनलाइन कर, पावती जप. सेवा लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित असेल तर तिला ठरावीक मुदत असते. 2015 चा कायदा आहे. मुदत टळली की पहिलं आणि दुसरं अपील त्याच खात्यात, तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे. लोक अपील करत नाहीत कारण पुढं त्याच टेबलाशी काम पडेल याची भीती असते. ती भीती मला समजते. पण चार-पाच जणांनी मिळून केलं की टेबल हलतं, हे मी आतून पाहिलेलं आहे.

आणि सही विकणाऱ्याबद्दल: अपघात झाला की विद्युत कायद्याच्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षक चौकशी करतो. मी अशा चौकश्यांच्या वेळी हजर राहिलोय. पहिला कागद मागतात तो टेस्ट रिपोर्ट. सही करणारा म्हणतो, मी साइट पाहिलीच नव्हती. काम करणारा म्हणतो, सही माझी नाही. मालक दोघांकडे बघत राहतो. आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला कोणाला विचारायचं तेच कळत नाही. मला ते चेहरे विसरता येत नाहीत. म्हणून मी या विषयावर एवढं लिहितो.

फेज_न्यूट्रल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल माझ्या ठेकेदाराशी बोललो. मृण्मयीताईंची आणि काकांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. काम ते त्यांच्या नावानं घेतील, वायरमन मी, मजुरीशिवाय वेगळा वाटाही ठरला. पर्यवेक्षक गिलाव्याआधी एकदा आणि वीज चालू करण्याआधी एकदा येणार. पगार पुढच्या महिन्यापासून खात्यात द्यायलाही ते तयार झालेत. मालकांना थोडे पैसे जास्त पडतील, पण आरसीसीबी आणि दोन अर्थिंग पिट (अर्थिंगचे खड्डे) यांसह सगळं त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांनी हो म्हटलं.

मिस्त्री, तुमच्या लेखीच्या तयारीत मी मदत करीन. आठवड्यातून एकदा फोनवर बसू. तुम्ही मला जुन्या घरांतला फॉल्ट शोधायला शिकवा.

आता एक अडचण. बंगल्याच्या आवारात कोबा आणि पुढं डांबरी रस्ता. मोकळी माती फक्त मागच्या कोपऱ्यात, जिथं पिट घेणार आहोत. अर्थ टेस्टरच्या स्पाइक (जमिनीत रोवायच्या सळ्या) ठोकायच्या कुठं?

जुना_मिस्त्री
नक्की बसू. फॉल्ट शोधायचं तू विचारलंस हे फार बरं वाटलं.

शिल्पनिदेशक_ताई
छान झालं! स्पाइकचं सांगते. शेजारच्या प्लॉटवर माती असेल तर परवानगी घेऊन तिकडेच ठोक, ते सर्वांत चांगलं. करंटची स्पाइक इलेक्ट्रोडपासून जमेल तितकी लांब, पोटेन्शियलची तिच्या साधारण 62 टक्के अंतरावर, तिन्ही एका रेषेत. मग पोटेन्शियलची स्पाइक थोडी पुढं आणि थोडी मागं सरकवून रीडिंग घे. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर रीडिंग खरं. फार बदलले तर करंटची स्पाइक अजून लांब न्यायला हवी.

माती मिळालीच नाही तर कोब्यावर पाणी ओतून चांगलं भिजव, स्पाइक आडव्या ठेव आणि वर ओलं फडकं टाक. जमिनीला लागून असलेल्या काँक्रीटमधून चाचणीपुरता संपर्क मिळतो. डांबरावर हे जमत नाही, तो भाग सोडून दे. आणि काहीही करण्याआधी मेन बंद करून इलेक्ट्रोडची वायर घराच्या अर्थबारपासून सोडव, नाही तर बाकीच्या अर्थिंगसकट रीडिंग येईल आणि पिट आहे त्यापेक्षा चांगला दिसेल. मोजून झाल्यावर वायर पुन्हा जोड, नट आवळ, आणि मेन चालू करण्याआधी सलगता एकदा तपास. प्रत्येक पिटचं रीडिंग वेगळं लिहून ठेव, तारखेसकट. आणि पुढच्या उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, एकदा जाऊन पुन्हा मोज. पावसाळ्यातला आकडा उन्हाळ्यात टिकत नाही.